माझी अतिरिक्त मुलगी

माझी थोरली मत्स्यखात्यात माशांचं वय सांगायची. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, तांदळाच्या कणीएवढा खडा असतो. तो घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, ती मोजायची. त्यावरून खातं ठरवतं, जाळ्याची भोकं केवढी असावीत. बंदरावर तिला सगळे खडेवाली म्हणतात. सकाळी ती धक्क्यावर मासे निवडायला गेली की मी घरी ती घसरून पाण्यात पडलीच असं धरून चालायचे. धडधाकट परत आली की जरा चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

सरकारने खर्च वाचवायला शेतीखातं आणि मत्स्यखातं एकत्र केलं. तिच्या प्रयोगशाळेत दोनच माणसं, ती आणि तिचे साहेब. दोघांतलं एक राहणार, एवढं कानावर होतं. एका दुपारी तिचा फोन आला, मागे बोटींचा धडधडाट. "आई, मला अतिरिक्त केलं."

मी मराठी घेऊन एम.ए. झालेली बाई. अतिरिक्त आयुक्त, अतिरिक्त संचालक अशा सगळ्या पाट्या डोळ्यांपुढून गेल्या. "सोनं झालं गं बाई," मी म्हटलं. तिने फोन ठेवला. पेढे आणायला पळाली असेल, असं मी समजले आणि जिना उतरले.

खालच्या वकिलीणबाई म्हणाल्या, "मग आता गाडी मिळेल?"

"मिळणारच की," मी म्हटलं. वर एक शिपाईही मीच मंजूर केला.

संध्याकाळी लेक आली ती दारातच थांबली. "आई, खालच्या काकू विचारतायत, गाडी कुठे लावणार. कुठली गाडी?"

"तुझी. अतिरिक्त झालीस ना?"

"अतिरिक्त म्हणजे जास्तीची, आई. नको झालेली. कुठे जागा असली तर देतील, नाहीतर घरी."

पेपरातून डोकं न काढता आमचे हे म्हणाले, "हिच्या एम.ए.ला सरकारी मराठी नव्हतं गं." 

मी हसले, स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि पुन्हा जिना उतरून दिलेली गाडी शिपायासकट परत घेऊन आले.

"पगाराचं बघता येईल," लेक जेवताना म्हणाली, "पण खडे कोणी वाचले नाहीत, तर लहान मासळी सगळी उपसून नेतील. कळेपर्यंत समुद्र रिकामा."

मग खरी गंमत झाली. हा गोंधळ बघून तिच्या साहेबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शेतीखात्यात बियाण्यांची उगवण तपासणाऱ्या साहेबांनीही तेच केलं. दोन जागा रिकाम्या, आणि यादीत दोन अतिरिक्त: माझी लेक आणि बियाण्यांकडचे एक काका. कोणीतरी कोण कुठल्या कामाचं ते न बघता यादी वरून खाली वाचली आणि लेकीला नेमलं बियाण्यांवर, काकांना माशांवर.

"बी तर बी," मी म्हटलं, "मोजायचंच ना?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटं उचलायला लागले.

आता रोज संध्याकाळी आमच्या घरी दोन खाती फोनवर चालतात.

"नाही काका, ती फिकट रेष खोटी असते. ती धरलीत तर मासा एका वर्षाने म्हातारा होईल."

"बरं. आणि तू तो वाकडा अंकुर धरलास का?"

"धरला."

"काढ. मूळ नाही त्याला. मूळ नसलेलं उगवलं म्हणत नाहीत, बाळा."

दोघांनी परस्पर बदलीचा अर्ज दिलाय. काकांची नजर खड्यांवर अजून बसत नाही, आणि जाळ्यांचा निर्णय त्यांच्याच आकड्यांवर व्हायचाय, म्हणून लेकीला घास गोड लागत नाही. अर्ज पडून आहे, कारण बदल्या बघणारे कारकूनही कमी केले, असं कळलं.

"मी जाऊन बसू का त्या कचेरीत?" मी आज विचारलं. "चार शब्द नीट समजावून सांगते."

"नको आई," ती म्हणाली. "तू बोललीस तर मला गुरांच्या दवाखान्यात नेमतील."

हे पेपराआड खोकले. पण त्या कचेरीला कुठली बस जाते, ते मी विचारून ठेवलंय.