हॉलची कडी

आमच्या गावच्या शाळेच्या हॉलमध्ये दर बुधवारी मनःस्वास्थ्याचा मोफत वर्ग भरायचा. पहिला अर्धा तास पाहुण्यांच्या सत्कारात जायचा आणि उरलेल्या वेळात मॅडम ताण कसा घालवायचा ते सांगायच्या. निवृत्त माणसाला बुधवारी दुसरं काय काम असतं, म्हणून मीही जायचो.

तिथं शेजारच्या शनिशिंगणापूरहून एक बाई यायची. देवळापाशी तेल आणि रुईच्या माळा विकायची, त्यामुळे बोटं कायम तेलकट. पहिल्याच दिवशी मॅडमनी गृहपाठ दिला. घरी रोज दार लावून दहा मिनिटं एकटं बसायचं, रडू आलं तर रडायचं.

"आमच्या घराला दारच न्हाई, मॅडम," ती म्हणाली.

"म्हणजे किती मोकळी माणसं तुम्ही," मॅडम म्हणाल्या आणि आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या.

पुढच्या बुधवारपासून ती सगळ्यांच्या आधी यायला लागली. हॉलचं दार आतून लावायची आणि कडी नीट बसली का ते ओढून बघायची. तो आवाज बाहेर सत्काराचे नारळ धरून उभ्या असलेल्या आम्हाला ऐकू यायचा. दार उघडायची तेव्हा चेहरा नुकताच धुतल्यासारखा दिसायचा.

एकदा मी वैतागून विचारलं, "आत करता तरी काय, ताई?"

"गृहपाठ," ती म्हणाली.

शेवटी मॅडमनी सुतार बोलावून कडीच काढून टाकली. त्या बुधवारी बाई आली, दार लोटून पाहिलं आणि आल्या पावली परत गेली.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "त्यांना आता वर्गाची गरजच उरली नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या.