लातुरात आम्ही नऊच

अख्ख्या दोन जिल्ह्यांत तुमची सहाच घरं असली, की किस्से साठतच जातात. ज्याची फजिती होते, तोच पुढच्या वर्षी ती रंगवून सांगतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. लातूर नवा जिल्हा झाला, त्यात दुष्काळ, म्हणून बोअरच्या खात्यानं मला अलिबागहून इकडं धाडलं. नांदेडला रेल्वेत एझ्राकाका, आमच्यात सगळ्यांत वडील. हिवाळ्यात हनुक्का आला, की आठव्या संध्याकाळी सगळी घरं माझ्याकडं जमायची.

*

हनुक्का म्हणजे आठ दिवस रोज एक दिवा वाढवत न्यायचा. पहिल्याच वर्षी शेजारच्या गंगाबाईंनी खिडकीतले दिवे मोजले.

"सण आठ दिवसांचा म्हणता अन् दिवे नऊ लावायलाव. एक जास्तीचा कशाला?"

काका म्हणाले, "तो शमाश. त्याला मोजत नाहीत. बाकीचे त्याच्यानं पेटवायचे."

"बिचारा," गंगाबाई म्हणाल्या. "मग तेल तरी त्याला जास्त घाला."

तेव्हापासून घालतो.

*

एकदा काकांनी प्रार्थना सुरू केली आणि गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. चार दिवसांनी आलेला टँकर, सोडतो कोण? पुस्तकं मिटली, घागरी उचलल्या. ओल्या पायांनी परत आलो, तर काका त्याच ओळीवर थांबलेले. हिवाळ्यात आम्ही प्रार्थनेत पाऊस मागतो, नेमकी ती ओळ.

"आता मागू, की भागलं तुमचं?" काकांनी विचारलं.

*

काकांना एकच खंत होती. काकू नांदेडलाच वारल्या, त्यांचा दिवस हनुक्कात यायचा. त्यांच्यासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायची, तर आमच्यातले दहा पुरुष लागतात. आम्ही नऊ. दर वर्षी काका पुस्तकातलं ते पान उघडायचे आणि मिटायचे.

माझी बायको म्हणायची, "आम्ही बायका अकरा आहोत, एक उसनी घ्या."

काका हसायचे. पान मात्र मिटलेलंच राहायचं, आणि ते बघून मला फार वाईट वाटायचं.

*

मग आमच्या ऑफिसात उदगीरहून सॉलोमन नावाचा ड्रायव्हर आला. आमच्यातही असतं हे नाव, ऐकूनच मी हुरळलो. आणखी काय विचारायचं? त्याच हनुक्काला घरी बोलावला. बिचारा टोपी घालून हात बांधून उभा राहिला. काकांनी चार वर्षांनी कद्दीश म्हटलं, रडत रडत म्हटलं. सगळे 'आमेन' म्हणाले. सॉलोमननं भक्तिभावानं पुरं केलं, "येशूच्या नावानं, आमेन."

ख्रिस्ती निघाला!

"तुम्ही प्रार्थनेला या म्हणलाव, म्हणून आलो," तो म्हणाला. काकांनी त्याला स्वतःच्या हातानं वाढलं. पण तो दहावा धरता येत नव्हता, म्हणजे कद्दीशही झालं नाही. हे कळल्यावर सॉलोमनला घास गिळेना.

*

पुढच्या वर्षी काका रिटायर झाले. हनुक्का झाला की मुलाकडं इस्राएलला जायचं ठरलं.

मी म्हटलं, "काका, तिथं दहा काय, शंभर मिळतील."

"मिळतील रे. पण तिच्या हातचं जेवलेले तिथं कोण आहेत?"

आठवी संध्याकाळ. आम्ही नऊ जण उभे. काकांनी ते पान उघडलं, तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. पुढं सॉलोमन, मागं मफलर गुंडाळलेले एक म्हातारे, दोघंही धुळीनं पांढरे.

"देगलूरला घड्याळाचं दुकान हाय यांचं," सॉलोमन म्हणाला. "वरीसभर हुडकायलो, सर. या टायमाला नावावर भरोसा ठेवला न्हाई. तीन शनिवार जाऊन बघितलं, तुमच्या सुट्टीवानी दुकान बंद. मासा घेतात तो बी तुमच्यावानी खवल्याचाच. मग विचारलं."

म्हाताऱ्यांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली. काकांनी त्यांचा हात धरला तो सोडेचनात.

सॉलोमन स्कूटरकडं वळला. "निघतो, सर. तुमचे दहा झाले."

"थांब," काका म्हणाले. त्यांनी शमाश पेटवला आणि सॉलोमनच्या हातात दिला.