स्टिअरिंग कुठे अडतं

रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी नोकरीला होते आणि राहायला पेणला. जाण्यायेण्यासाठी जुनी गाडी घेतली होती. पॉवर स्टिअरिंगवाली. गाडी घेतली तेव्हा ते इतकं हलकं होतं की बाजारातल्या अरुंद गल्लीतसुद्धा एका हाताने वळायची.

बाबांना त्या हलकेपणाचं फार नवल वाटायचं. ते आमच्या खाडीकाठच्या गावी राहायचे. मिठागरांवरून मीठ उचलणारा ट्रक त्यांनी तरुणपणापासून चालवला होता, आणि त्या ट्रकचं स्टिअरिंग म्हणजे उभं राहून ओढायचं काम. मी गाडी वळवताना ते माझ्या हाताकडे बघत राहायचे. पण "बाबा, तुम्ही चालवून बघा ना," म्हटलं की मान हलवायचे.

"डोले साथ देत नाय गो आता. डोल्यांपायीच तर ट्रक सोडला."

मग मी आग्रह करायची नाही.

दिवाळीनंतर कधीतरी स्टिअरिंग जड व्हायला लागलं. आधी मला वाटलं, आपलाच हात आखडलाय. मग कंपनीच्या गेटवर गाडी वळवताना खांदा भरून यायला लागला, तेव्हा पेणच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने स्टिअरिंगचं तेल बघितलं, थोडं कमी होतं ते भरलं, तेल ढकलणाऱ्या पंपाचा पट्टा ताणून दिला. दोन दिवस मला बरं वाटलं, किंवा बरं वाटावं असं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "पुढच्या चाकांत हवा कमी असंल." हवा भरली. काही फरक नाही.

लॅबमध्ये एखादं मिश्रण बिघडलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायचो. ती सवय मला गाडीच्या बाबतीतही लागली. तेल झालं, पट्टा झाला, हवा झाली. मग मी टायर पुढचे मागे करून घेतले. जडपणा होता तिथेच होता. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती आणि नीट पकडता येत नव्हती. स्टिअरिंग एकसारखं जड नव्हतं. कधी कधी अचानक सुटायचं, आणि वळण संपल्यावर आपणहून सरळ व्हायचं ते होत नव्हतं, मला ओढून आणावं लागायचं.

त्याच सुमारास कंपनीने रोह्याला डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं. घरच्यांनाही आणता येत होतं. मी बाबांना गावाहून आणलं आणि आम्ही सकाळी निघालो. हायवेवर काही वाटलं नाही. नागोठणं सोडून भिसे खिंडीत शिरलो, आणि एका डावीकडच्या वळणावर स्टिअरिंग अर्ध्यात येऊन थांबलं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. गाडी हळूच होती, पण रस्त्याच्या बाहेरच्या कडेकडे सरकायला लागली. तेवढ्यात बाबांचा उजवा हात स्टिअरिंगवर आला. आम्ही दोघांनी मिळून ओढलं. स्टिअरिंग एकदम सुटलं, गाडी वळली.

खिंड उतरल्यावर मी गाडी कडेला घेतली. माझी पुढे जायची हिंमत होईना. बाबा मात्र घाबरलेले दिसत नव्हते. ते आपल्या पंजाकडे बघत होते.

"इंजिन चालूच ठेव," ते म्हणाले. "आता हलूहलू फिरव. मी हात ठेवतो."

मी फिरवलं. त्यांचा पंजा माझ्या हाताशेजारी होता.

"हितं अडला. व्हय ना? आता सोडला. आता परत अडला."

"म्हणजे ठरावीक जागेला अडतंय?"

"बघ ना तूच."

मी पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं आणि स्टिअरिंगच्या बरोबर वरच्या टोकाला एक लाल टिकली चिकटवली. मग पुन्हा फिरवलं. टिकली उजव्या हाताला खाली आली की अडायचं. अर्धा फेरा पुढे गेला, टिकली बरोबर उलट टोकाला, डाव्या हाताला वर पोचली, की पुन्हा अडायचं. मधल्या जागेत मोकळं. उलट फिरवलं तरी जागा त्याच. आम्ही दोघं किती वेळ ते करत बसलो कोण जाणे. मागून येणारा एक टेम्पोवाला थांबून विचारून गेला, काही मदत हवी का. बाबांनी त्याला नको म्हणून हात केला आणि मला म्हणाले, "परत फिरव."

पुढे मी अगदी सावकाश गाडी चालवत शिबिरात पोचले. डॉक्टरांनी बाबांना लांबचा तक्ता वाचायला लावला. बाबांनी सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली.

"लांबची नजर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदू नाही. वाचायला तेवढा चष्मा घ्या."

मी बाबांकडे बघितलं. ते शर्टाची बटणं नीट करत होते. मग ट्रक का सोडला, हे मला तिथल्या तिथे विचारावंसं वाटलं. पण रांगेत माझ्या ऑफिसची माणसं होती.

तिथून आम्ही रोह्यातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. मी मिस्त्रीला टिकली दाखवली, कुठे अडतं ते सांगितलं. त्याने स्वतः फिरवून बघितलं आणि म्हणाला, "हे बरं केलंत मॅडम. पंप खराब असता तर सगळीकडे सारखंच जड लागलं असतं." त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली. तरीही अडत होतं. मग तो ब्रेकच्या पेडलखाली आडवा झाला आणि टॉर्च लावून मला आत बघायला लावलं. स्टिअरिंगचा दांडा खाली जाताना जिथे वाकतो, तिथे एक छोटा सांधा होता. तपकिरी गंजाने भरलेला.

"हा क्रॉस जाम झालाय."

बाबा पुढे वाकले. "मागची चाकं फिरवतो त्या ट्रकच्या प्रॉपेलरला असतो तसाच?"

"तसाच काका. लहान असतो एवढंच."

"स्टिअरिंगला पन असतो म्हायत नव्हता मना," बाबा म्हणाले, आणि तो सांधा काढेपर्यंत तिथून हलले नाहीत.

मिस्त्रीने विचारलं, गाडी कधी खाऱ्या पाण्यात उभी होती का. तेव्हा मला आठवलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला चुलत बहिणीच्या हळदीला मी गावी गाडी बांधाजवळ लावली होती. उधाणाचं पाणी बांधावरून आलं आणि गाडीत पायाशी साचलं. आम्ही पायपुसणी काढून वाळत टाकली, आतलं पाणी कपड्याने टिपलं आणि विसरून गेलो. आत त्या सांध्यात पाणी राहिलं असेल, असा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता.

नवा सांधा बसला. मिस्त्रीने बाबांनाच ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "आधी इंजिन बंद ठेवून फिरवा काका." बाबांनी जोर लावून फिरवलं. "आता चालू करून." बाबांनी एका बोटाने फिरवलं. मग बोट काढून परत लावून बघितलं.

"मंजे जोर गाडीच लावते? आपन फक्त सांगायचा?"

"तसंच."

मिस्त्री दुसऱ्या गाडीकडे गेला. बाबा बसूनच होते. मी खिडकीशी उभी होते. विचारलं, "डोळे तर चांगले आहेत तुमचे."

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून सांगायला लागले. कोलाडहून ट्रक घेऊन येताना खांब गावाच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आल्या. त्यांनी स्टिअरिंग ओढलं आणि खांद्यातून अशी कळ आली की हात उचलेना. ट्रक कडेच्या शेतात उतरला. भात कापून झालेलं होतं, कुणाला काही लागलं नाही. म्हशीसुद्धा तशाच पुढे गेल्या. बाबांनी दुसऱ्या हाताने कसाबसा ट्रक वर काढला, गावी आणला आणि मालकाला चावी दिली.

"खांद्याचा सांगितला असता तर लोक म्हनले असते, जोर संपला याचा. डोल्यांचा सांगितला तर कोन काय म्हनत नाय."

"आईला ठाऊक आहे?"

"नाय."

घरी येताना मीच चालवलं. वाटेत ते खांद्याबद्दल आणखी काही बोलले नाहीत, पण पंप तेल कसं ढकलतो, पट्टा तुटला तर काय होईल, हे विचारत राहिले. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मलाही ठाऊक नव्हती.

नंतर मी सुट्टीच्या दिवशी गाडी गावी न्यायला लागले. लायसन्सचं नूतनीकरण झाल्यावर बाबांनी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर सराव केला. ट्रकची सवय, त्यामुळे सुरुवातीला ते गरजेपेक्षा जास्त फिरवायचे आणि गाडी सापासारखी जायची. महिन्याभरात हात बसला.

पेणच्या बाजाराला पहिल्यांदा निघाले तेव्हा आई पुढे त्यांच्या शेजारी बसली. इतकी वर्षं त्यांनी ट्रक चालवला, पण मालक केबिनमध्ये घरच्या बाईला बसू देत नसे. मी मागे बसले. बाजारातली खरेदी झाल्यावर आई पिशव्या पायाशी घेऊन पुन्हा पुढेच बसली आणि म्हणाली, "जरा लांबच्या रस्त्यानं घ्या." बाबांनी लांबचा रस्ता घेतला.