दर रविवारी मरणारे टांगेवाले

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ते तिच्या पाठीवर दोन थापा मारायचे. हलक्या, घोड्याच्या मानेवर मारतात तशा. मग "हां, हां" म्हणत टेकायचे. आमच्या घरची लोखंडी खुर्ची असो की दवाखान्यातलं बाकडं, थापा चुकायच्या नाहीत. मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, खुर्ची काय लाथ मारणार आहे का?" तर म्हणाले, "सांगता येत न्हाय बाई. सवय बरी."

तुम्ही त्या काळात भिवंडीत राहिला असाल तर एसटी स्टँडवर त्यांना नक्की पाहिलं असेल. उंच, काळेसावळे, मिशा अशा की पोलीससुद्धा दबून बोलायचे. मूळचे जवळच्या शेलार गावचे, राहायला आमच्या चाळीत, माझ्यापासून दोन खोल्या सोडून. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. सकाळी "जयभीम बाई, उशीर झाला" अशी त्यांची हाक आली की मी डबा घेऊन टांग्यात चढायची. उशीर कधीच झालेला नसायचा. आमच्याकडे कापडाच्या लूमच्या खडखडाटात सगळे ओरडूनच बोलतात, हे मात्र हळू बोलायचे. घोड्याला ओरडलेलं आवडत नाही म्हणायचे.

हा माणूस टीव्हीवर दिसेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

झालं असं की गणेशपुरीच्या बाजूला एका हिंदी मालिकेचं शूटिंग लागलं. दरोडेखोर, एक प्रामाणिक ठाणेदार, बंदुका आणि नुसती धूळ. घोडे कमी पडले म्हणून त्यांनी भिवंडीतल्या टांगेवाल्यांचे घोडे भाड्याने नेले आणि घोड्याबरोबर भाऊही गेले. मुंबईहून आलेला एक नट पहिल्याच दिवशी घोड्यावरून खरोखरच पडला आणि हात मोडून घेतला. त्याचा फेटा भाऊंच्या डोक्यावर चढला. डायरेक्टर म्हणाला, गोळीचा आवाज झाला की पड. भाऊ असे पडले की युनिटमधले दोघं पाणी घेऊन धावले. हे आपले उठून धोतर झटकतायत.

"पडायचं काय, कोणीपण पडतं," ते मला सांगायचे. "आधी रिकिबीतनं पाय काढायचा. मग खांदा सोडायचा. डोकं शेवटी. आणि घोड्याला आधी सांगायचं, बाबा मी आता पडणार हाय. न सांगता पडलं की त्याला वाईट वाटतं."

त्यानंतर ते दर रविवारी मरू लागले.

चाळीत टीव्ही माझ्याकडेच होता. रविवारी सकाळी माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत पंचवीस माणसं आणि दाराबाहेर पंचवीस चपला. आठ दिवसांपूर्वी मेलेला दरोडेखोर या आठवड्यात दाढी लावून परत यायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा समोरच्या खोलीतले उत्तर प्रदेशचे चाचा, लूमवर रात्रपाळी करून आलेले, डोळे चोळत म्हणाले, "अरे, इसको तो पिछले इतवार गोली लगी थी." भाऊ माझ्याच खुर्चीवर बसलेले. म्हणाले, "चाचा, वो मेरा भाई था." खोली हसून हसून लोळली.

हसत नव्हत्या त्या एकट्या वहिनी. म्हणजे भाऊंच्या बायको. त्या दारात, टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायच्या. गोळीचा आवाज झाला की त्यांचा हात थांबायचा आणि भाऊ पडल्याचा गलका झाला की पुन्हा सुरू व्हायचा. मला वाटायचं, बाई लाजते. मी शिक्षिका, मला सगळं कळतं असं मला तेव्हा वाटायचं.

एका रविवारी त्यांनी चुकून मान वळवली. नेमका भाऊंचा चेहरा पडदाभर. डोळे उघडे, तोंडात माती, गालावरून माशी चाललेली. वहिनींनी सूप तसंच ठेवलं आणि घरी गेल्या. दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

मी समजवायला गेले. म्हटलं, "वहिनी, आपण असलं अपशकुन वगैरे मानत नाही ना?"

"अपशकुनाचं काय न्हाय हो," त्या म्हणाल्या. "मला बघवत न्हाय, एवढंच. माझ्या दाल्ल्याला असा मेलेला कोणी मला का दाखवावा?"

भाऊंनी त्याच रात्री बायकोला शब्द दिला, आता मरणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग मालिका सोडली असेल. छे. त्यांना ते काम जिवापाड आवडत होतं, रिक्षांनी टांग्याचे दिवस संपवत आणले होते ते वेगळंच. त्यांनी आपला एक मार्ग काढला. घोड्यावरून पडायचं, पण मरायचं नाही. पुढच्या रविवारी ठाणेदार मोठं भाषण करत होता आणि त्याच्या मागे, पार कोपऱ्यात, गोळी लागलेले भाऊ कोपरांवर सरकत सरकत झुडपामागे निघाले होते. "वहिनी, बघा, जिवंत आहेत," मी ओरडले. वहिनींनी मान वळवली, ते झुडपाआड जाईपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "गुडघं फोडून घेतील." पण त्या दिवशी चहा त्यांनीच केला, सगळ्यांना.

असे पाच-सहा रविवार गेले. मग युनिटमधल्या कोणाच्या तरी लक्षात आलं. डायरेक्टरने सगळ्यांसमोर विचारलं, "ये मुर्दा हर हफ्ते कहाँ जाता है?" भाऊ म्हणाले, "घर जाता है, साब." सगळे हसले. डायरेक्टर नाही हसला. भाऊंना घरीच पाठवलं.

नंतर वर्षभर ते आणि घोडा स्टँडवर उभे. मला शाळेत सोडताना एकदा सहज बोलावं तसं म्हणाले, "बाई, बोलावणं आलंतं. दुसरी मालिका. म्हाताऱ्या दरोडेखोराचं काम, नाव असलेला माणूस, बोलायला वाक्यं. पडद्यावर माझं नाव लिहून येणार व्हतं."

"होतं म्हणजे?"

"शेवटी मरायचं हाय. न्हाय सांगितलं मी. घरी बोलू नका."

ते बोलताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी टांग्यातून उतरले तेव्हाही ते घोड्याचे कानच बघत होते.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे माझी आईही सांगायची. संध्याकाळी नळावर मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्यांचा हंडा भरून वाहायला लागला तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मग म्हणाल्या, "बाई, तिथं मेल्यावर उठतात का हो?"

"उठतात म्हणजे काय, लगेच उठतात. चहा पितात."

"मग ते का दाखवीत न्हाय टीव्हीवर?"

इतकी वर्षं मी मुलांना शिकवत होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. भाऊ पडले की पडदा दुसरीकडे जायचा. त्यांना उठताना त्या माउलीने एकदाही पाहिलं नव्हतं. वहिनी घरी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हो सांगा त्यांना. पण मी येणार बघायला."

मरणाच्या शूटिंगच्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघी एसटीने गणेशपुरीला गेलो. भाताच्या खाचरांपलीकडे माळावर कॅमेरा होता. आम्हाला लांब आंब्याखाली बसवलं. बोलणं काही ऐकू येत नव्हतं, दिसत सगळं होतं. भाऊ पडले. वहिनींनी माझं मनगट धरलं. या मालिकेतलाही एक ठाणेदार होता, तो गुडघ्यावर बसला, भाऊंचे ओठ हलले, मान कलली. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि भाऊ उठले, अंग झटकलं, आधी घोड्याकडे गेले, मग आमच्याकडे बघून हात केला.

डायरेक्टरला पसंत पडेना. सात वेळा घेतलं. युनिट वैतागलं, घोडा वैतागला. वहिनी मात्र प्रत्येक वेळी भाऊ उठले की पदराने तोंड झाकून हसायच्या. सातव्यांदा झालं तेव्हा मला म्हणाल्या, "अजून घेतील का हो?" माझ्या मनगटावर त्यांच्या बांगड्यांचे वळ उठले होते.

मालिका लागली तेव्हा मात्र त्या आल्या नाहीत. "मी उठलेला बघितला. आता तुमी बघा," म्हणाल्या आणि घरी भाकऱ्या थापत बसल्या. आम्ही पाहिलं. शेवटाला खोलीत कोणी हसलं नाही. चाचांनी डोक्यावरची टोपी काढली. भाऊंचं नाव पाट्यांमध्ये शेवटून दुसरं आलं आणि इतक्या लवकर गेलं की अर्ध्या लोकांना वाचताच आलं नाही. मी वाचलं, मोठ्याने.

भाऊ गेले ते त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. भर दुपारी, स्टँडवर, टांग्याच्या बैठकीवर बसल्या बसल्या. हातात लगाम तसाच. मागे दोन बायका बाजारच्या पिशव्या घेऊन बसलेल्या, त्यांना वाटलं डुलकी लागली. घोडा जागचा हलला नाही म्हणून कोणाला लवकर कळलंही नाही. वहिनी तेव्हा शेलारला बहिणीकडे भातलावणीला गेल्या होत्या. त्यांना आणेपर्यंत संध्याकाळ झाली.

त्यांनी आक्रोश केला नाही. एकच प्रश्न धरून बसल्या. रिक्षावाल्यांना विचारलं, चहावाल्याला विचारलं, त्या दोन बायकांना हुडकून काढून विचारलं. "त्रास झाला का हो त्यांना? काय बोलले का?" कोणालाच काही ठाऊक नव्हतं. महिना झाला तरी विचारणं थांबेना. नवीन माणूस भेटला की तेच. मला पाहवत नव्हतं. खोटं सांगावं असंही दोनदा मनात आलं, जीभ वळली नाही.

एक दिवस त्या माझ्याकडे आल्या. "बाई, ते मरतात ती कॅसेट कुठं मिळंल का?"

"वहिनी, नको. कशाला?"

"तिथं बोलले व्हते. मला त्या दिवशी ऐकू आलं न्हाय."

मी ते टीव्हीवर ऐकलं होतं, पण इतक्या वर्षांत शब्द पार विसरले होते.

नाक्यावरच्या व्हिडिओवाल्याने टीव्हीवरच्या मालिका उतरवून ठेवल्या होत्या. त्याने शोधून काढली, दुकानाच्या मागच्या खोलीत आम्हा दोघींना बसवलं आणि कॅसेट पुढे पळवून बरोबर तिथे आणून सोडली.

भाऊ पडले. ठाणेदाराने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आमच्या भाऊंचा तोच हळू आवाज, फक्त हिंदीत: "मेरी घरवाली पूछेगी. उसको बोलना, दर्द नहीं हुआ. बैठे-बैठे आँख लग गई."

मग मान कलली आणि पडदा घोड्यांकडे गेला. वहिनींनी नजर हलवली नाही. मी रडत होते, त्या नाही. थोडं पुढे वाकून, आतल्या खोलीत बसलेल्या माणसाशी बोलावं तसं वहिनी त्या पेटीशी बोलल्या.

"बरं, बरं. आता मी इचारीत न्हाय कोणाला."