तिच्या नावाच्या सुया

भुताखेतांवर, बाबा-महाराजांवर आणि उद्घाटनाच्या भाषणांवर माझा सारखाच अविश्वास. तेव्हा हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

भोपाळला, अवधपुरीजवळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये घडलेली गोष्ट. माझी बायको सुमन हाडांच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळली होती. गोळ्या पुरेनाशा झाल्या होत्या. तेवढ्यात टाउनशिपच्या हॉस्पिटलात दुखण्यावर उपाय म्हणून कानात सुया टोचण्याची सोय सुरू झाली. केसाएवढ्या सुया, पण उद्घाटनाला फीत, हार, समोसे आणि भिंतभर बॅनर!

पहिल्या मंगळवारी सुमनला बसवेना. मी तिचं मेडिकल बुक, म्हणजे कारखान्याची उपचार-नोंदवही, घेऊन नुसतं विचारायला गेलो. आमच्याकडे माणसापेक्षा बुकाला मान — नोंद झाली म्हणजे उपचार झाला. त्यात हॉस्पिटलचे मोठे साहेब नवी सोय बघायला राउंडवर यायचे होते.

"सर, आप ही बैठ जाइए," सिस्टर म्हणाली. "कुर्सी खाली नहीं दिखनी चाहिए."

तिनं सुमनचं बुक वाचून, सुमनच्या दुखण्याच्या सुया माझ्या कानात टोचल्या. तेव्हा अकरा वाजले होते.

घरी आलो तर सुमन चक्क उठून बसलेली. "अहो, अकराच्या सुमारास कळ एकदम थांबली... पोहे करता?"

मी काहीच सांगितलं नव्हतं तिला! मग सांगितलं. खूप दिवसांनी हसली. "तुमचे कान एरवी कुणाचं ऐकत नाहीत. माझ्या कामी तरी आले. दर मंगळवारी जायचं हं."

चार मंगळवार गेलो. चारही वेळा अकरा वाजता कळ थांबली, दोन-तीन दिवस बरे गेले.

पाचव्या मंगळवारी माझ्यातला शहाणा जागा झाला. योगायोग की आणखी काही, एकदा तपासू म्हटलं. हॉस्पिटलला म्हणून निघालो आणि बिट्टन मार्केटात चहा पीत बसलो.

परतलो तेव्हा तिनं उशीचा कोपरा दातांत धरला होता.

"अहो... आज सिस्टरनं नीट टोचलं नाही का?"

"टोचलं की," मी म्हणालो.

"मग माझंच शरीर आता ऐकेनासं झालं." माझ्या कानाच्या पाळीवरून तिनं बोट फिरवलं. "तुम्हाला उगाच त्रास."

दुसऱ्या दिवशी धावत गेलो, तर सिस्टर रजेवर. शुक्रवारी संध्याकाळी सुमन गेली.

सुयांचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. पण तिला खरं सांगायला माझ्याकडे तीन दिवस होते.