काळ्या दोऱ्याची गाठ

आमचा दादा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. मशीन आलं की आधी कान लावून ऐकायचा, मग पान्याला हात. फेकून देणं त्याला माहीतच नव्हतं. वहिनी म्हणायची, "एक दिवस मलाही तेल घालाल." तो म्हणायचा, "तुला कशाला, तुझं तोंड बिनतेलाचंच चालतं."

दुखणं कळलं तेव्हा त्यानं व्हिडिओ काढायला घेतले. मशीन कसं खोलायचं, कसं जोडायचं. मोबाइल वहिनीच्या हातात, बोलायचा हा. पुढं दुकान तिलाच बघायचं होतं ना. व्हिडिओ सगळे कॉम्प्युटरमध्ये टाकले आणि मोबाइलमधून पुसले, जागा नव्हती म्हणून.

दादा गेला. पाहुणे पांगल्यावर वहिनीनं दुकान पुसायला काढलं. रडली नाही, नुसती पुसत राहिली. कॉम्प्युटरचा डबासुद्धा उघडून पुसला. त्यानंतर तो धड चालूच होईना.

कॉम्प्युटरवाला आला. त्यानं बटणं दाबून बघितली. "ताई, आतली ड्राइव्हच दिसत नाही याला. सगळं साठवते ती. मेली असेल."

बोलला आणि जीभ चावली.

"उघडून बघा," वहिनी म्हणाली. जसं काही दुसऱ्याच कुणाचं काम.

त्यानं प्लग काढून डबा उघडला. ड्राइव्ह म्हणजे बोटाएवढी पट्टी, एक टोक खाचेत, दुसरं वर उचललेलं. "हिचा स्क्रू कुठंय? दाबून धरल्याशिवाय ही नीट लागत नाही."

पट्टीच्या टोकाशी काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकला होता. वहिनी त्या तुकड्याकडं बघत राहिली. लोंबता दोरा दिसला की कात्री लावायची, ही तिची जुनी खोड. पुसताना तिनंच कापला होता. स्क्रू हरवला म्हणून दादानं पट्टी बांधून ठेवली असेल, हे तिला काय माहीत.

"उद्या स्क्रू आणतो," तो म्हणाला.

"राहू द्या." तिनं सुई घेतली, काळा दोरा ओवला, पट्टी खाचेत सरकवून खाली दाबली आणि बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

"असं कुणी करतं का, ताई?"

"करायचे एकजण."

प्लग लावला. ड्राइव्ह दिसली. कॉम्प्युटरवाल्यानंच पहिला व्हिडिओ लावला. त्यात मशीन होतं, दादाचे हात होते. मग त्याचा आवाज आला, जरा वैतागलेला.

"बाजूला हो गं. सावली पडतीये."

वहिनी खुर्ची सरकवून बाजूला झाली.