जोडीनेच मिळणारी पुरी

मॉरिशसच्या बेटावर पोर्ट लुईसला गेलात तर डोंगरावरचा किल्ला बघा, बंदर बघा. पण त्याआधी बाजाराच्या तोंडाशी काचेची पेटी घेऊन बसलेल्या बाईकडची धोलपुरी खा. आपली पुरणपोळीच ती, फक्त गूळ विसरलेली. आत पिवळ्या डाळीचं कोरडं पुरण आणि वर तिखट चटणी.

मी एकच मागितली. कारण बायको नेहमीप्रमाणे म्हणाली होती, "मला नको हो, तुमच्यातलाच एक घास घेईन." तीस वर्षं हा एक घास मी ओळखून आहे. त्यात अर्धा डोसा जातो.

बाईने कागदावर दोन पुऱ्या ठेवल्या. मी एक बोट वर केलं, तर तिने हसून मान हलवली. "एकटी पुरी इथे कुणी विकत नाही," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "जोडीच असते."

मला ते बेट एकदम आवडून गेलं. आमच्याकडे 'नको' म्हणण्यात बायकांचा जन्म जातो. आम्ही 'तुला हवं का?' एवढं विचारतो आणि मोकळे होतो. इथे कुणी विचारतच नाही. दुसरी पुरी आधीच ठेवलेली असते.

किल्ल्याच्या वाटेवर कठड्याशी बसून आम्ही खायला लागलो. लग्नानंतर प्रथमच अख्खा जिन्नस माझ्या एकट्याचा होता, म्हणून मी सावकाश खात होतो. बायकोने आपली पुरी संपवली, बोटं पुसली, खालच्या बंदराकडे जरा वेळ बघितलं आणि मग माझ्या हाताकडे.

"एकच घास," ती म्हणाली.